व्याघ्रमुख पॅचची डोळखांब स्वारी

श्रीवाघोबा प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत भरतकामाच्या एका तुकड्यापायी जे थोर रण माजले, त्यात कोण झुंजले, कोण पळाले, कोणाच्या शेळ्या गेल्या आणि कोणाची अब्रू गेली, हे पुढील पिढ्यांस कळावे, आपल्या वडिलांनी काय दिवे लावले याचा दाखला दप्तरी राहावा, म्हणोन हे वर्तमान जसे घडले तसे, पदरचे तिखटमीठ न लावता, कलमबंद केले असे. वाचणाराने हसू आवरून वाचावे. लिहिणारास ते साधले नाही.

शहापुरी राजेश्री सुयोगराव हरड म्हणोन एक वीर होते. वीर म्हणजे काय, तर गॅस एजन्सीत कारकून. भरल्या टाक्या किती गेल्या आणि रिकाम्या किती आल्या, याचे दप्तर राखावे, आणि कोणी टाकी उशिरा आली म्हणोन फोनावर शिव्या घातल्या तर त्या मान खाली घालून ऐकाव्या, ही त्यांची चाकरी. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हवाई दलाच्या भरतीस गेले होते. तेथे भिंतीवरची अक्षरे वाचावयास सांगितली, ती खालच्या दोन ओळींस धूसर दिसली, आणि मग दाक्तराने कागदावर काट मारून बाहेरची वाट दाखविली. त्या दिवशी एस.टी. स्टँडावर बसून सुयोगराव रडले. ते दुःख खरे होते, त्यास हसण्याचे काही कारण नाही. पुढे त्यांनी त्या दुःखाचे जे केले, त्यास मात्र हसावे तितके थोडे.

केले ते ऐसे की, पॅच जमविण्याचा छंद धरिला. पॅच म्हणजे लढाऊ वैमानिकाने बाहीवर किंवा छातीवर लावावयाचा भरतकामाचा बिल्ला. ज्या तुकडीत चाकरी करावी, त्या तुकडीचा बिल्ला मिरवावा, ऐसा जगाचा रिवाज. सुयोगरावांनी एकाही तुकडीत चाकरी न करता दोनशे तेरा तुकड्यांचे बिल्ले दस्त केले. कोणावर कवटी, कोणावर गरुड, कोणावर तोंडात सुरी धरलेला बेडूक. त्यांतील निवडक अकरा त्यांनी एका बॉम्बर जॅकेटावर लाविले आणि ते जॅकेट अंगी घालून, चैत्र-वैशाखाच्या उन्हात घामाच्या धारा पुशीत, शहापूरच्या बाजारपेठेत भाजी आणावयास स्वारी निघत असे. विमानाची शिडी ते जन्मात चढले नव्हते. चढले ती गच्चीची, टाकी साफ करावयास.

ऐशा वीरांचे एक मंडळही होते, नामे 'गगनचिन्ह संग्राहक मंडळ', सभासद एकोणीस, सारेच जॅकेटधारी. त्यांत सुयोगरावांचा कट्टर हरीफ म्हणजे टोकावड्याचे रितेशराव, माळशेज रस्त्यावरील एका ढाब्याचे धनी. त्यांनी आपले पॅच चौकटीत घालून ढाब्याच्या भिंतीस टांगले होते. त्यांचा एक पॅच थोर निघाला की सुयोगरावांस तीन दिवस अन्न गोड लागत नसे, आणि सुयोगरावांचा थोर निघाला की रितेशराव मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपावर अंगठा सुद्धा दाखवीत नसत. ऐसे हे वैर.

तो आश्विन मासी मंडळास एक फर्मान आले. निवृत्त विंग कमांडर साहेब मुरबाडी येऊन कार्तिकातल्या वद्यपक्षी रविवारी दरबार भरविणार, सर्वांचे पॅच पाहणार, आणि ज्याचा पॅच सर्वांत मोलाचा ठरेल त्यास आपल्या जिम्मेदारीवर हवाई दलाच्या तळात नेऊन एका जुन्या लढाऊ विमानाच्या आसनी खासा बसविणार. हे फर्मान वाचोन सुयोगराव गॅस एजन्सीच्या मागच्या अंगास गेले आणि रिकाम्या टाक्यांआड उभे राहोन डोळे पुसते झाले. भिंतीवरच्या दोन ओळींनी जे दार बंद केले होते, ते उघडण्याची हीच एक संधी. आयुष्यात दुसरे काही मागणे उरले नव्हते.

मग त्यांनी ती तजवीज केली की जी रितेशरावांच्या बापासही सुचली नसती. परमुलखातील एका मोडीत निघालेल्या तुकडीचा व्याघ्रमुख पॅच, काळ्या कापडावर पिवळा वाघ, आ वासलेला, जगात मोजके चाळीस, तो मोठ्या खटपटीने मागविला. पार्सल आले, फोडिले, आणि वीरांचे मन ऐसे भरून आले की नव्या गाडीची किल्ली जशी आपण आधी देवापुढे ठेवितो, तसा तो पॅच त्यांनी देव्हाऱ्यात ठेविला, वर हळदकुंकू वाहिले आणि मग कामावर रवाना झाले. मोहिमेतील पहिली चूक ती हीच, आणि ती खासा सरदाराच्या हातची.

आता घरात मातोश्री कमळाबाई. दुसरे दिवशी वाघबारस, म्हणजे वाघोबास पुजोन गुरे-शेळ्या राख म्हणावयाची आश्विनातली बारस. त्यांची धाकटी बहीण सकुबाई, डोळखांबपलीकडील डोंगरात एका पाड्याशी राहणारी, विधवा, लेकरू नाही, पोटास नाचणी आणि पाच शेळ्या. त्यांतल्या दोन शेळ्या बिबट्याने महिन्याभरात उचलल्या होत्या आणि वनखात्याकडे जाऊन जाऊन बाईच्या चपला झिजल्या होत्या. कमळाबाई बारशीस बहिणीकडे जावयास निघाल्या, निघताना देवास हात जोडिले, तो देव्हाऱ्यात हळदकुंकू वाहिलेला वाघ! बाईस गहिवर आला. लेकाने तोंडाने बोलोन नाही दाखविले, परी मावशीच्या शेळ्यांसाठी वाघोबा आणिला. ऐसा पुत्र पोटी आला म्हणोन त्यांनी तो पॅच पिशवीत घातला आणि एस.टी.त बसल्या.

बारशीच्या सांजवेळी कमळाबाई माघारी आल्या, मागोमाग वीरही घरी आले आणि देव्हाऱ्यात वाघ नाही ऐसे पाहोन ओरडले.

"आये, हिथं वाघ व्हता त्यो कुठं गेला?"

"दिला की सकूला. बांधला पन तिनं आपल्या हातानं."

"आये, त्यो देव नाय गो! पॅच हाय त्यो!"

"देवात कोनी ठेवला? तूच ना? मग देवात ठेवलेलं देवाचंच," ऐसे बोलोन कमळाबाई भात उपसावयास गेल्या.

मग दिवाळीच्या टाक्यांची गर्दी सरताच, भाऊबिजेच्या दिवशी, सुयोगरावांनी पहिली स्वारी केली. जॅकेट चढविले, मोटारसायकलीस लाथ घातली आणि शहापुराहून डोळखांबावर कूच केले. वाटेत दोन ठिकाणी कुत्री अंगावर आली, तेथे पाय वर घेऊन निभावले. सकुबाईंच्या गोठ्यामागे ऐनाच्या झाडाखाली वाघोबाचा दगड, आणि त्या दगडास लाल दोऱ्याने आवळून बांधलेला तो चाळिसांतला एक पॅच, तेलात कालवलेल्या शेंदराने कपाळापासून हनुवटीपर्यंत माखलेला.

सकुबाईंनी ओवाळावयास कोणी नाही म्हणोन त्यांसच ओवाळिले, करंजी पुढे केली आणि म्हणाल्या, "लय उपकार झाले रे तुझे, सुयोग. बारशीपासून एक शेळी नाय गेली. त्यो बांधापातूर येतो नि मागं फिरतो. पंजं दिसतात ना सकाळी."

"मावशे, ऐक माझं. ह्यो वाघोबा नाय. परदेशातल्या विमानवाल्यांचा पॅच हाय."

"मग त्या विमानवाल्यांना बी बिबट्याचं भ्याव असंल. नायतर कशाला वागवतील वाघ अंगावर?"

वकिलीत ऐसा सपाटून पराभव खाऊन सुयोगराव करंजी चावीत माघारी आले.

दुसरी स्वारी पुढल्या आठवड्यात. या वेळी सलुखाची बोलणी लावावी, एक पॅच परत घेऊन बदली चार द्यावे, ऐसी मसलत करोन सारा अल्बम बरोबर नेला. सकुबाईंनी हात धुतले, पदरास पुसले आणि पान अन् पान न्याहाळिले. कवटी पाहोन म्हणाल्या की ही गोठ्याला लावली तर गाभण शेळ्या भिऊन गाभडतील. गरुड पाहोन म्हणाल्या की या घारीनं कोंबड्या नेल्या तर तू भरून देशील का. एका तुकडीच्या बिल्ल्यावर पंख फुटलेला बाँब होता, त्यावर बोट ठेवून पुसिले, "ह्यो दुधी कशाला रे काढलाय?" अल्बमातील आणि जॅकेटावरील मिळोन दोनशे तेरा तुकड्यांची ऐसी झडती जाहली आणि एकही शेळी राखण्याच्या लायकीची निघाली नाही. थोर थोर फौजा त्या ओटीवर नामोहरम झाल्या. शेवटी बाईंनी अल्बम मिटून हाती दिला आणि म्हणाल्या, "चित्रं चांगली हायेत. जपून ठेव हो."

तिकडे ग्रुपावर रितेशरावांनी जाहीर केले की दरबारात आपण ऐसा पॅच मांडू की बाकीच्यांनी जॅकेटे विकावीत. ते वाचोन सुयोगरावांची झोप उडाली. मग त्यांनी तिसरी मोहीम आखली. तिला ते स्वतः गनिमी कावा म्हणतात. गावात तिला चोरी म्हणतात.

दरबाराच्या आदल्या शुक्रवारी, सकुबाई बाजाराच्या वाटेस लागल्याची खबर काढून, भर दुपारी वीर करवंदीच्या जाळीआडून सरपटत गोठ्यामागे पोचले. काटे जॅकेटात रुतले. एका कोंबड्याने त्यांवर चाल केली, त्यास त्यांनी हेल्मेट ढालीप्रमाणे धरोन थोपविले. तिन्ही शेळ्या रवंथ करीत हा पराक्रम टक लावून पाहत होत्या. नेलकटराने लाल दोरा कापिला, पॅच सोडविला, कॅरीबॅगेत घातला. जाताना दगडाकडे पाहोन हात जोडिले आणि पुटपुटले, "दोन दिसांत आनून देतो, देवा." आणून देण्याचा इरादा काडीचा नव्हता, हे वीरांसही ठाऊक होते आणि वाघोबासही.

रविवारी मुरबाडी एका मंगल कार्यालयात दरबार भरला. एकोणीस वीर एकोणीस जॅकेटांत, छातीवर कवट्या आणि सुऱ्या, बाहीवर विजा, पंखा एकच चालू, आणि पलीकडच्या दालनात बारशाची पंगत, तिकडून मसालेभाताचा वास. विंग कमांडर साहेब मधोमध खुर्चीवर, मिशा दोन्ही बाजूंस वळविलेल्या, हाती भिंग. रितेशरावांचा पॅच पाहिला, बरा म्हणाले. मग काचेच्या पेटीतील व्याघ्रमुखाशी आले आणि तेथेच थबकले.

साहेबांनी पुसिले की हा तांबडा डाग कसला. सुयोगरावांनी अर्ज केला की हुजूर, हा रणांगणावरचा डाग. साहेबांनी पेटी उघडविली, पॅच नाकाशी नेला, डोळे मिटोन दीर्घ श्वास घेतला आणि भर दरबारी फर्माविले की यास तेलाचा वास येतो, हे लढाऊ विमानाच्या इंजिनाचे तेल आहे, आपण तीस वर्षे हाच वास घेतला, हा पॅच युद्धात उडालेला आहे, याहून मोलाचे या दालनात काही नाही. टाळ्या जाहल्या. गोडेतेल आणि शेंदूर, डोळखांबच्या किराणा दुकानातले, त्यास ऐसा मान मिळाला. रितेशरावांचे तोंड उतरले आणि सुयोगरावांचे पाय भुईस लागेनात. विमानाचे आसन आता हातभर अंतरावर होते.

तेच समयी दारातून सकुबाई आत आल्या. बहिणीकडून दरबाराचा ठिकाणा काढोन, पहाटेपासून दोन एस.टी. बदलोन, पायी धूळ, हाती एक कुरतडलेले दावे. पाहुण्यांनी त्यांस बारशाची बाई समजोन पलीकडचे दार दाखविले. त्या तिकडे वळल्या नाहीत.

"सुयोग," त्या म्हणाल्या, "माझी कबरी शेळी गेली रे. परवा तू वाघोबा नेलास नि काल पहाटे त्यो आला. ह्ये येवढं दावं राह्यलंय."

साहेबांनी भुवई वर करोन सुयोगरावांकडे पाहिले. आणि त्या घडीस, विमानाचे आसन डोळ्यांपुढे असता, सुयोगरावांनी जे केले ते लिहिताना लेखणी थुंकू पाहते. ते म्हणाले की ही बाई कोण, आपणांस ठाऊक नाही.

"मी कोन?" सकुबाईंचा आवाज पंगतीपर्यंत गेला. "आयशी तुझी तापानं आजारी व्हती तवा तीन म्हयनं माझ्या खांद्यावर झोपलास मेल्या! शेंबूड पुसला तुझा ह्या पदरानं, आन् मी कोन?"

मग त्या पेटीशी गेल्या, साहेबांच्या भिंगाखालून पॅच उचलिला आणि डागावर बोट ठेवून म्हणाल्या की हा शेंदूर आहे, मी लावलाय. साहेबांनी आपल्या नाकास हळूच रुमाल लाविला. रितेशराव, उद्या आपलाही पॅच कोणी ऐसाच उचलील या भयाने, उठोन बोलते झाले की मावशी, नियमाने पॅच ज्याने आणिला त्याचा, तुम्ही असे उचलू शकत नाही. त्यावर सकुबाईंनी त्या एकोणीस छात्यांवरून नजर फिरविली, कवट्या पाहिल्या, सुऱ्या पाहिल्या, आणि म्हणाल्या, "बरं. ठेवा वाघोबा तुमच्यापाशी. दोन शेळ्या राह्यल्यात माझ्या. आज राती माझ्या गोठ्याशी राखनीला कोन बसतो, त्यो सांगा. येवढी शूर मानसं हायेत, एक तर येल ना?"

ऐसा कठीण प्रसंग त्या फौजेवर कधी आला नव्हता. पाचावर धारण बसली. एकाची लोकल होती आणि पास संपत आला होता. एकाच्या सासऱ्यास बघावयास जावयाचे होते. एकास थंडी बाधत असे. रितेशराव म्हणाले की संध्याकाळ हाच ढाब्याचा मेन टाइम. साहेबांनी गुडघ्याचा विषय काढिला आणि वाटी बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे सविस्तर वर्तमान सांगितले. सुयोगराव पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभे होते. सकुबाईंनी पॅच पदरात बांधिला आणि निघोन गेल्या.

मग साहेबांनी घसा खाकरोन निवाडा दिला की मालकीचा तंटा आपणांस पाहणे नाही, दरबार पाचास उठेल, तोवर व्याघ्रमुख पेटीत हजर जाहला तर मान सुयोगरावांचा, नाही तर रितेशरावांचा. सुयोगराव तीरासारखे सुटले. म्हातारी ती म्हातारी, पदरात गाठ ती काय, हिसकावून आणावयास दोन मिनिटे पुरेत, ऐसा हिशेब करीत ते एस.टी. स्टँडावर पोचले.

सकुबाई शेवटच्या बाकड्यावर बसल्या होत्या. दावे मांडीवर, आणि त्या रडत होत्या. आवाज न करता, पदराचे एक टोक तोंडात घालून. भर दरबारात जी बाई वाघिणीवाणी बोलली, ती तेथे कोणी ओळखीचे नाही ऐसे पाहोन मग रडावयास बसली होती. सुयोगरावांनी ते पाहिले आणि त्यांस आपलीच ऐसी शिसारी आली की जॅकेट अंगावर सहन होईना. पंधरा वर्षांमागे ते स्वतः ऐसेच स्टँडावर रडले होते, परी त्यांची कोणी शेळी नेली नव्हती. शरम वाटली, नुसती शरम, दुसरे काही नाही. पाच वाजावयास वीस मिनिटे होती.

"मावशे," ते म्हणाले, "सरक जरा. मी येतो तुझ्यासंगं."

"कशाला?"

"राखनीला."

सकुबाईंनी त्यांस नखशिखांत न्याहाळिले आणि म्हणाल्या, "त्ये कवट्यांचं कायतरी काढ आदी अंगातनं. शेळ्या बुजतील." मग बाजूस सरकोन जागा दिली.

मुरबाडी पाच वाजता रितेशरावांस मान जाहला. पुढे ते तळात गेले, विमानाच्या आसनी बसले, अंगठा वर करोन चित्र काढविले, आणि ते आज ढाब्यावर दालतडक्याच्या पाटीशेजारी टांगिले आहे. ज्यास पाहावयाचे त्याने पाहावे.

इकडे सुयोगरावांनी आपल्या हाते पॅच दगडास बांधिला. सकुबाईंच्या सांगण्यावरून नाक घासोन माफी मागितली. मग जॅकेटाविना, अंगावर मावशीची गोधडी, उलट्या घमेल्यावर बसोन, हाती काठी घेऊन त्यांनी उजाडेपर्यंत गोठा राखिला. काठी उलटी धरली होती. पाला सळसळला की आईस हाका मारीत. दोनदा सकुबाईंस उठोन त्यांसच धीर द्यावा लागला. परी जागा सोडिली नाही, आणि हे लिहिताना लेखकास आपले आधीचे काही शब्द थोडे जड वाटतात. फार नव्हे, थोडे.

सकाळी बांधावर ताजे पंजे होते. तेथवर येऊन मागे फिरलेले. बिबट्या वाघोबास भ्यायला, की पॅचास, की आईस मारलेल्या हाकांस, याचा निवाडा करणारा त्या मुलखात कोणी नाही. सकुबाईंनी चहा आणि नाचणीची भाकर पुढे केली, आणि आज गॅसच्या कचेरीत खाडा झाला तर मालक बोलेल का, म्हणोन पुसिले. सुयोगराव म्हणाले, बोलेल. आणि दुसरी भाकर मागितली.

सबब दप्तरी नोंद केली ती येणेप्रमाणे. कार्तिक वद्यपक्ष, सोमवार, मुक्काम डोळखांब, मोहीम फत्ते जाहली. शत्रू बिबट्या एक. आपली फौज, बाई एक, कारकून एक, काठी एक. गोठ्याचे दार उघडोन सर्वांसमक्ष मोजदाद केली. शेळ्या दोन. दोन्ही शाबूत.